घाटकोपरच्या टेकडीवरचे लाल गोल

मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्या विट्यात पहिला प्रश्न विचारतात तो समुद्राचा. मी आठ दिवस राहून आले आणि समुद्र बघितला तो फक्त एका दुपारी, तोही मढला जाणाऱ्या होडीतून. बाकीचे दिवस लोकांच्या स्वयंपाकघरातली कॅलेंडरं बघत हिंडले, असं सांगितल्यावर आमच्या कॉलेजातले शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, कॅलेंडर तर आपल्या हापिसातबी हाय की. त्याला मुंबई कशाला?" त्यांना तिथे उभ्या उभ्या समजावून सांगणं शक्य नव्हतं. म्हणून आता बसून लिहिते आहे.

मी ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं झाली, पुस्तकं देते, घेते आणि हरवली की भांडते. यंदा वरून पत्र आलं की कॉलेजच्या ग्रंथालयांनी आता नुसती पुस्तकं सांभाळून भागणार नाही, प्राध्यापक आणि विद्यार्थी संशोधनासाठी जो डेटा गोळा करतात तोही नीट ठेवायला त्यांना मदत करायची. डेटाला मराठीत विदा असा देखणा शब्द आहे, पण आठ दिवसांत तो मी कोणाच्याही तोंडून ऐकला नाही, तेव्हा मीही डेटाच म्हणणार. प्राचार्यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि "बघा काय ते" म्हणून हात झटकले. मला एकदम विद्या आठवली. कोल्हापूरला आम्ही एका बाकावर बसून ग्रंथालयशास्त्र शिकलो. ती आता अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि हे काम तिने वर्षभरापूर्वीच सुरू केलं होतं. फोन केला तर म्हणाली, "ये ना यार. आठ दिवस माझ्याकडे बोरिवलीला राहा. शिकवण्यापेक्षा कामालाच लावते तुला."

तिने शब्द पाळला.

अंधेरी

विद्याचं ग्रंथालय पाचव्या मजल्यावर, गार आणि चकचकीत. आमच्याकडे मुलं चपला दाराबाहेर काढून आत येतात, इथे बूट घालून खुशाल कपाटांमधून फिरत होती. जुन्या कागदाचा वाससुद्धा नाही. मला जरा उपरंच वाटत होतं. तेवढ्यात विद्या एका मुलीला घेऊन आली. सत्ताविशीची, डोळे सुजलेले, पाठीवर भली मोठी सॅक.

"सुमे, ही तृप्ती. पीएचडी करते. हिची पार वाट लागलीये. तूच ऐक."

तृप्तीने जे सांगितलं ते थोडक्यात असं. उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये नळाचं पाणी वर्षातून नेमकं किती दिवस येतं आणि त्यावर घरातल्या बाईचा दिवस कसा ठरतो, हा तिचा विषय. घाटकोपरच्या टेकडीवरची चौदा घरं आणि गोवंडीतली बारा अशा सव्वीस घरांत तिने भिंतीवरची कॅलेंडरं वाटली, सोबत लाल पेन आणि सूचनांचा छापील कागद दिला. पाणी येईल त्या दिवशी तारखेवर लाल गोल करायचा, एवढंच काम. दर महिन्याला बायका पानाचा फोटो फोनवर पाठवत आणि ही संगणकात भरत जाई. वर्षभराच्या नोंदींवर तिने निबंध लिहून एका संशोधनपत्रिकेला पाठवला. तिकडून परीक्षकाचा प्रश्न आला.

"एका भिंतीला लागून दोन घरं, मॅडम. पाइप एकच. एका घरात महिन्याला पंचवीस-सव्वीस गोल आणि शेजारी चार. असं कसं, विचारतात. मूळ नोंदी आणि त्या कशा घेतल्या त्याचं टिपण पुढच्या सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर निबंध नाकारला असं समजा."

"आणि तुझे सर काय म्हणतात?" मी विचारलं.

"प्रधान सर म्हणतात, बायकांनी मनाला येईल तसे गोल मारले असणार. पेपर मागे घे, विषय बदल." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली. "दोन वर्षं गेली, मॅडम. घरच्यांनी आता लग्नाचं काढलंय. विषय बदलायचा तर मला पीएचडीच सोडावी लागेल."

मी म्हटलं, दाखव तुझ्या फायली. तिने पेनड्राइव्हवरच्या दाखवल्या आणि मी डोक्याला हात लावला. पाणी_फायनल, पाणी_फायनल२, पाणी_खरंफायनल, पाणी_हेचघ्या. कुठली आधीची, कुठली नंतरची, काय बदललं, कोणी बदललं, काही पत्ता नाही. आमच्याकडे दाखल क्रमांक पडल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही आणि इथे दोन वर्षांची मेहनत बिननावाची पडली होती. मी चिडले. तिला चार शब्द सुनावलेसुद्धा. ती ते वहीत लिहून घ्यायला लागली. मग माझंच मला वाईट वाटलं, कारण तिला हे कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

"बरं, ते महिन्याचे फोटो कुठे आहेत?"

"लॅपटॉपमध्ये होते. त्यावर चहा सांडला. लॅपटॉप साकीनाक्याला दिलाय दुरुस्तीला. ज्या फोनवर ते आले होते तो तर कधीच बदलला."

साकीनाका

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी साकीनाक्याला गेलो. एका लोखंडी जिन्याच्या दोन्ही बाजूंना गाळे. खाली पत्र्याची झाकणं ठोकणारं मशीन धडधडत होतं, वर कोणी बॅगांना चेन लावत होतं, कोणी चष्म्याच्या काड्या पॉलिश करत होतं. आमच्या अख्ख्या गावच्या बाजारपेठेत होत नाहीत तेवढे धंदे त्या एका जिन्यावर. शेवटच्या गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बसलेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी तृप्तीच्या लॅपटॉपचा एक चपटा भाग उचलून आमच्यासमोर धरला.

"डिस्क मेली, ताई. चहा साखरेचा होता ना? साखर लई वाईट. दुसरी कॉपी कुठाय?"

तृप्ती सॅक पोटाशी धरून उभी.

"सगळे इथे येऊन असेच उभे राहतात," ते अगदी सहज म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

जिना उतरताना माझी चप्पल तुटली. बॅगवाल्याने कोणी न सांगता ती हातातून घेतली, त्याच्या मशीनवर दोन टाके घातले आणि परत दिली. मग आम्ही उसळपाव खाल्ला. उसळ इतकी झणझणीत की विट्याची असूनही मला नाक पुसावं लागलं. विद्या मात्र खाता खाता तृप्तीला झापत होती. "तीन कॉपी. दोन वेगळ्या ठिकाणी, आणि एक बिल्डिंगच्या बाहेर. पहिल्याच दिवशी आली असतीस ना माझ्याकडे, तर ग्रंथालयाच्या सर्व्हरवर जागा दिली असती तुला. पण तुम्ही लोक लायब्ररीत येता ते एसीत झोपायला."

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "फोटो गेले ते गेले. पण कॅलेंडरं? ती काय झाली?"

"ती बायकांकडेच आहेत. वर्ष संपल्यावर मी मागितली होती, कोणीच दिली नाहीत. त्यांनी त्यावर बाकीचंही बरंच काय काय लिहिलेलं असतं म्हणे."

"मग मूळ नोंदी अजून भिंतींवर आहेत की गं! रडतेस कशाला?"

तृप्तीने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

घाटकोपर

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर म्हणजे बसलो आणि उतरलो. तिथून टेकडीकडे शेअर रिक्षा जातात. विद्या आणि तृप्ती मागे गप्पा मारत येत होत्या, मी झपाझप पुढे झाले आणि समोरच्या रिक्षात अनोळखी लोकांबरोबर जाऊन बसले. ती रिक्षा मला एका हॉस्पिटलच्या फाटकाशी घेऊन गेली. विद्याचा फोन आला, "सुमे, तुला सकाळी सकाळी काय झालं गं?" तिथून परत येण्यात अर्धा तास मोडला.

टेकडीवर घरं एकाच्या डोक्यावर एक चढत गेलेली. मधून हातभर रुंदीच्या पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने बोटभर जाडीचे पाइप आणि दर दारापुढे निळं पिंप. पाण्याची ओढाताण मी जन्मभर पाहिली आहे, पण आमच्याकडे पाण्यासाठी लांब चालावं लागतं, इथे चढावं लागतं. पाणी यायची वेळ पहाटेची. ती हुकली की खालच्या नळावरून हंडे घेऊन ऐंशी पायऱ्या. मी मोजल्या, कारण दर वीस पायऱ्यांना मला थांबावं लागत होतं.

पहिलं घर राणेकाकींचं. सत्तरीच्या आसपास, मूळच्या कणकवलीकडच्या. यजमान गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर इकडे आले. काकींनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"येवा, बसा. तुम्ही खयसून इलास?"

"विट्याहून."

"ता खय इला?"

मी सांगलीचं नाव घेतलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. बसायच्या आत तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे आली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि जेवणाचं नाव घेण्याआधी तासभर नको-नको. इथे नको म्हणायला सवडच नव्हती.

जेवता जेवता मी भिंतीकडे पाहत होते. शेगडीशेजारी गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्यावर यंदाचं. मी विचारून खालचं काढून घेतलं. पानापानावर बारीक अक्षर. सिलिंडर लावला. नातवाला पहिला दात. ह्यांच्या गोळ्या संपल्या. काही तारखांवर निळी फुली, काही तारखांवर लाल गोल.

"काकी, ही निळी फुली कसली?"

"दुधाचो खाडो. दूध नाय इला त्या दिवशी फुली."

"आणि आलं त्या दिवशी?"

काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दूध रोजच येता. इला तर लिवचा कित्याक?"

माझा घास हातातच राहिला. माझ्या स्वयंपाकघरात हेच आहे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात हेच होतं. दूधवाला नाही आला, पेपरवाला नाही आला, कामवाली नाही आली की खूण. आली त्या दिवशी कोणी खूण करत नाही. अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायकांचा हात कॅलेंडरवर एकाच रीतीने चालतो.

मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, "आणि काकी, हा लाल गोल? पाण्याचा?"

"तोय तसोच. पाणी नाय इला त्या दिवशी गोल." मग तृप्तीकडे वळून, "गो, असा काय बघतंस? चुकला काय माझा? तूच सांगलंस ना, पाण्याचो लाल गोल मार म्हणान. मारलंय."

तृप्ती उठली ती सरळ शेजारच्या दारात. तिथे स्नेहा सुर्वे, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, बँकेत नोकरीला, त्या दिवशी रजेवर. तिने तृप्तीने दिलेला कागद फ्रिजला चिकटवून ठेवला होता आणि त्यात लिहिल्याप्रमाणे पाणी येईल त्या दिवशी गोल केला होता. एका भिंतीला दोन घरं, पाइप एकच. स्नेहाचे सव्वीस गोल म्हणजे पाणी आलेले सव्वीस दिवस. काकींचे चार गोल म्हणजे पाणी न आलेले चार दिवस. महिना तीस दिवसांचा!

मला तर तिथल्या तिथे टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. तृप्ती पायरीवर बसून हसत होती आणि रडतही होती. पण विद्याने आम्हा दोघींना दटावलं.

"थांबा. उड्या मारू नका. आता तुम्ही घरोघर जाऊन सोयीचे वाटतील तेवढे गोल उलटे करून टाकाल आणि परीक्षक तुम्हाला फाडून खाईल. कॅलेंडर उघडायच्या आधी प्रत्येकीला एकच प्रश्न, त्याच शब्दांत. गोल कुठल्या दिवशी करायचा असं तुम्ही ठरवलं होतं? ती सांगेल ते सुमन लिहील. वर तारीख, खाली सही. मी ऐकणार नाही. मी बाहेर थांबते."

"तू का बाहेर?"

"ते मग सांगते."

काकी कॅलेंडर द्यायला काही तयार होईनात. "ता मी देवचंय नाय. माझा वरीस आसा ता." मला ते इतकं पटलं की मी दुसऱ्यांदा मागितलंच नाही. विद्याने आपली पद्धत दाखवली. कोऱ्या जाड कागदाला खिडक्या कापून आणल्या होत्या. कागद पानावर ठेवला की फक्त तारखा आणि लाल गोल दिसतात, बाकी सगळं झाकलं जातं. मग फोनने टिपायचं, घराला क्रमांक द्यायचा आणि नावं वेगळ्या यादीत कुलपात ठेवायची. हे काकींना समजावून सांगितलं तर त्या उखडल्या.

"नाव लपवक मी काय चोरी केलंय? बारा म्हयने लिवलंय मी. माझा नाव घाल!"

विद्याने हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बरोबर आहे काकी तुमचं." गोल कुठल्या घरचे ते झाकलेलंच राहील, पण ज्यांना हवं त्यांची नावं निबंधाच्या शेवटी आभारात येतील, असं तिथेच ठरलं. तसा संमतीचा कागद तृप्तीने गुडघ्यावर वही ठेवून लिहिला. काकींनी पहिली सही केली.

गोवंडी

गोवंडीला दोन दिवस लागले. गल्ल्या अरुंद, वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास घरात शिरतो, आणि त्या वासातही दारापुढच्या डब्यांत तुळस आणि गवती चहा. इथे पाणी आलं तर बातमी होते, त्यामुळे बहुतेक जणींनी आलं त्याच दिवशी गोल केला होता. रोज येणारं असेल तर न आलेल्याची खूण करायची, कधीतरीच येणारं असेल तर आलेल्याची. यात अडाणीपणा कुठे आहे? उलट कमीत कमी शाईत जास्तीत जास्त हिशेब आहे. मला प्रधान सरांचा मनापासून राग आला.

कांताबाई जालन्याकडच्या. त्यांच्याकडे कॅलेंडरच नव्हतं.

"ते होय? वरीस सरलं की पानं फळीवर हातरली. डब्याखाली."

मग काय, सही झाल्यावर बाहेरच्या विद्यालाही आत बोलावलं आणि डबे उतरवणं आलं. आम्ही तिघी आणि कांताबाई मिळून डाळी, पिठं, मसाले, रिकामे डबे, भरलेले डबे सगळं खाली काढलं. फळीवर बाराच्या बारा पानं पसरलेली, हळदीचे गोल डाग आणि तेलाचे ओघळ अंगावर घेऊन. जुलैवर तर तिखटच सांडलेलं. तृप्ती ते फडक्याने पुसू लागली तशी मी ओरडले, कारण शाईही पुसली गेली असती. आमच्याकडे पुरात भिजलेली पुस्तकं आम्ही कशी वाळवली होती ते मला आठवलं. पानाखाली टीपकागद घालून वरून नुसतं दाबायचं, घासायचं नाही. हळद राहिली, पण लाल गोल सगळे सुखरूप निघाले.

कांताबाई सारख्या विचारत होत्या, "माझं काई चुकलं का?" मी म्हटलं, "कोणाचंच चुकलं नाही बाई. आम्हीच नीट विचारलं नव्हतं." त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. चार दिवसांनी ज्वारी पोटात गेल्यावर मला मुंबई आवडायला लागली.

पुन्हा अंधेरी

विद्या बाहेर का थांबली होती ते शनिवारी कळलं. तिच्या ग्रंथालयात मराठी वर्तमानपत्रांची बांधीव पुस्तकं आहेत. लोकांना वाटतं ती जागा अडवतात, आणि तिच्या कॉलेजने ती रद्दीत द्यायचा घाट दोनदा घातला होता. तिने गेल्या वर्षीच्या पानांतून पाणीबंदीच्या जाहीर सूचना शोधल्या होत्या. अमुक जलवाहिनीचं काम, अमुक तारखेला घाटकोपर, गोवंडीत दिवसभर पाणी नाही. अशा मोजक्या तारखा. त्या दिवशी त्या भागात कोणाच्याही नळाला पाणी नव्हतं, हे पक्कं. मग त्या तारखेला ज्या घरी गोल आहे, त्या घरी गोल म्हणजे पाणी नाही; जिथे गोल नाही, तिथे गोल म्हणजे पाणी आलं.

"तुम्ही बायकांना विचारून यादी केलीत. मी त्यांना न विचारता, नुसत्या तारखा बघून यादी केली. दोन्ही पाकिटं बंद. उद्या सरांसमोर उघडायची."

इतकी वर्षं आम्ही दोघी पुस्तकाच्या पाठीला चिठ्ठ्या चिकटवतो. त्यातून हे एवढं करता येतं, हे मला माहीत नव्हतं. अभिमान वाटला तिचा, आणि थोडा माझ्या जातकुळीचाही.

दुपारी तृप्ती टिपण लिहायला बसली. कोणी, कधी, कुठे, कसं नोंदवलं, काय हरवलं, काय सापडलं, सगळं साध्या भाषेत. चहा सांडल्याचंही लिहायला लावलं मी. तिला लाज वाटत होती. तिला एकटीला लिहू दिलं आणि विद्या मला वर्सोव्याहून होडीने मढला घेऊन गेली. वाळत घातलेले बोंबील, कुठल्याशा बंगल्यात शूटिंगचे दिवे, चर्चसमोर क्रिकेट. समुद्र बघितला तो हाच. छान होता. पण जीव सगळा त्या दोन पाकिटांत.

मुलुंड

प्रधान सर मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने, बसायला सांगितलं, वेलचीचा चहा आला. घर नीटनेटकं, पुस्तकांना खाकी कव्हरं. सर पांढरा झब्बा घालून समोर बसले. तृप्ती खुर्चीच्या कडेवर.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "खाडा. हं. कल्पना चांगली आहे. पण पेपर वाचवायला माणूस कुठलंही कारण शोधतो, तृप्ती."

"म्हणूनच पाकिटं आहेत, सर," विद्या म्हणाली.

त्यांनीच दोन्ही पाकिटं फोडली. माझी यादी सरांच्या हातात, विद्याची त्यांच्या पत्नीच्या. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्या अगदी निर्विकारपणे वाचत होत्या.

"घर एक. नाही आलं तेव्हा गोल."

"नाही आलं तेव्हा," सर म्हणाले.

"दोन. आलं तेव्हा."

"आलं तेव्हा."

असं चाललं. पाच, आठ, बारा. सरांचा आवाज बदलत गेला. सोळापर्यंत एकही फरक नाही.

"सतरा. नाही आलं तेव्हा," बाई म्हणाल्या.

सर थांबले. "इथे आलं तेव्हा असं आहे."

तृप्तीचा चेहरा उतरला. मी माझी वही पाहिली, त्या घरच्या सुनेची सही पाहिली, बरोबर होतं. विद्याने तिच्या तारखा पाहिल्या, त्याही बरोबर. विद्या म्हणाली, "पुढचं वाचा. सतराला खूण करून ठेवू. जुळत नाही ते जुळत नाही असं लिहू." ती हे बोलली तेव्हा मला तिचा मुका घ्यावासा वाटला. पुढची नऊ घरं तंतोतंत जुळली.

मग सरांनी सतराव्या घराच्या फोटोंची छापलेली पानं मागून घेतली. चष्मा कपाळावर चढवला, पानं जमिनीवर एका ओळीत मांडली आणि झब्ब्यासकट खाली बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "ऑगस्टपर्यंतचे गोल बारीक, नेटके आहेत. सप्टेंबरपासून बघा. केवढाले, थरथरते. हा हात वेगळा आहे."

तृप्तीने तिथूनच त्या घरी फोन लावला, आवाज मोठा केला. फोन सासूबाईंनी उचलला.

"हां, सून गेली होती ना माहेरी, बाळंतपणाला. मग मीच मारले की गोल."

"कुठल्या दिवशी मारायच्या तुम्ही, आजी?"

"कुठल्या म्हणजे? पाणी नाही आलं त्या दिवशी. दुसऱ्या कुठल्या दिवशी मारतात?"

गोवंडीतल्या पाणीबंदीच्या तारखा सगळ्या सप्टेंबरपासून पुढच्या होत्या, म्हणून विद्याच्या यादीत सासूबाईंचेच गोल आले होते. सरांच्या पत्नी सगळ्यांत आधी हसल्या. "अहो, मी पण तसंच करते," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सर जमिनीवरच बसले होते, ते तिथूनच हसायला लागले.

तृप्तीने विद्याच्या लॅपटॉपवर नवा आलेख काढला. आधी टेकडीवरच्या चौदा घरांच्या रेषा विस्कटलेल्या केसांसारख्या होत्या. आता त्या एकावर एक येऊन बसल्या, एकत्र खाली, एकत्र वर. पाणीबंदीच्या प्रत्येक तारखेला चौदा घरं एकदम खाली आली होती. त्याहून मोठं म्हणजे, ज्या दिवसांची कुठलीच सूचना कुठल्याच पेपरात नव्हती, त्या दिवशीही ती सगळी एकदम खाली आली होती. न सांगता गेलेलं पाणी चौदा घरांतल्या बायकांनी पकडलं होतं.

सर उठले. तृप्तीसमोर उभे राहून म्हणाले, "मी त्या बायकांना खोटं ठरवलं. तुलाही. चूक झाली माझी." आमच्याकडे कुठला मार्गदर्शक विद्यार्थिनीला असं म्हणेल का, मी सांगू शकत नाही. मुलुंडमध्ये एकाने म्हटलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तृप्ती वाकून नमस्कार करायला गेली तर त्यांनी करू दिला नाही. सोमवारी दुपारी टिपण, झाकलेली पानं आणि नवा आलेख असं सगळं तिकडे गेलं, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवून. विद्याने त्याला दाखल क्रमांक दिला. तिच्या रजिस्टरमध्ये तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला.

विटे

परत येऊन महिनाभर झाला. आमच्या ग्रंथालयात मी एक टेबल मोकळं करून घेतलं आहे. भूगोलाच्या सरांच्या विहिरींच्या पातळीच्या नोंदी, शेतकी विभागाच्या मातीच्या चाचण्या, जे कपाटांत बिननावाचं पडलं आहे ते एकेक बोलावते आहे. आणणाऱ्याला मी आधी संगणकाचं काही विचारत नाही. हे कोणी लिहिलं आणि त्या माणसाची लिहायची रीत काय, एवढंच विचारते. लोकांना वाटतं मुंबईला जाऊन मॅडमचं काहीतरी बिघडलं.

काल दुपारी फोन वाजला. तृप्तीचा नंबर, पण आवाज दुसराच.

"गो सुमनबाय, छापून येतला!"

मागून तृप्तीचा, स्नेहाचा, अजून कोणाकोणाचा गलका ऐकू येत होता. निबंध स्वीकारला गेला होता. परीक्षकाने लिहिलं होतं की टिपण मूळ निबंधाइतकंच मोलाचं आहे, ते वेगळं छापा. तृप्ती ते पत्र आणि निबंधाची प्रत घेऊन ऐंशी पायऱ्या चढून सगळ्यांत आधी काकींकडे आली होती. मी ग्रंथालयात उभी राहून मोठ्याने ओरडले, वाचणारी मुलं माझ्याकडे बघायला लागली. शांतता राखा ही पाटी माझ्याच डोक्यावर होती.

"काकी, नाव आलं का तुमचं?"

"इला तर! पयला माझाच आसा." मग आवाज जरा खाली आणून, पण तृप्तीला नीट ऐकू जाईल असा, त्या म्हणाल्या, "त्या चेडवाक सांग तू. पुढच्या टायमाक पयला माका इचार, मगे कागद छाप."